रिपोर्टवरचा आकडा कोणत्या वाटेने येतो?



डेंग्यूच्या दिवसांत आमच्या वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, पेशी किती आल्या?" लघवी नीट होतेय का, पोट दुखतंय का, उलट्या थांबल्या का, हे प्रश्न माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. पण नातेवाइकांना हवा असतो आकडा. त्या आकड्यावर गावाकडे फोन जातात, पपईच्या पानांचा रस निघतो, शहरात हलवायचं की नाही ते ठरतं. आज त्या आकड्याविषयी लिहितो आहे, पण तो वाढवायचा कसा याविषयी नाही. तो यंत्रातून निघून तुमच्या हातातल्या कागदावर येतो कसा आणि वाटेत त्याचं काय काय होऊ शकतं, हा आजचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, हे तर कॉम्प्युटरवाल्यांचं काम, पेशंटला त्याचं काय? थोडा धीर धरा. वायर आणि पोर्टच्या गप्पा आहेत खऱ्या, पण शेवटी प्रश्न तुमच्याच रक्ताचा आहे.

रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या यंत्राला आम्ही सेल काउंटर म्हणतो. वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाने शोधलेली आणि १९५३ साली पेटंट मिळालेली युक्ती आजही बऱ्याच यंत्रांत वापरली जाते. पातळ केलेलं रक्त एका अतिशय बारीक छिद्रातून ओढायचं. छिद्रातून विजेचा प्रवाह चालू असतो. पेशी जाताना त्याला क्षणभर अडथळा होतो. जितके अडथळे तितक्या पेशी, आणि अडथळा जितका मोठा तितकी पेशी मोठी. एखाद्या मिनिटात यंत्र वीसेक आकडे देतं. प्लेटलेट हा त्यातला फक्त एक.

हे आकडे यंत्राच्या छोट्या पडद्यावर दिसतात, काही यंत्रांत पातळ थर्मल कागदावर छापूनही येतात. आणि यंत्राच्या मागे नऊ पिनांचं एक जुनाट दिसणारं तोंड असतं. ते सीरियल पोर्ट. आरएस-२३२ नावाचं त्याचं प्रमाण १९६० सालचं आहे, म्हणजे आमच्या कित्येक पेशंटांपेक्षा वयाने मोठं. घरच्या कॉम्प्युटरवरून हे तोंड कधीच गेलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर मात्र अजून टिकून आहे, कारण ते साधं आहे आणि सहसा बिघडत नाही. एक तार बोलायला, एक ऐकायला आणि एक दोघांत सामाईक, एवढ्या तीन तारांवर काम भागतं. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागे एक जातात. नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, सुमारे ९६० अक्षरं जातात. एका पेशंटचे आकडे दोन-तीन सेकंदांत पोचतात.

अडचण एकच. ही वाट एका यंत्रापासून एकाच कॉम्प्युटरपर्यंत असते. शिवाय वायर साधारण १५ मीटरच्या पुढे नेली की भरवसा राहत नाही. आमची लॅब तळमजल्यावर मागच्या बाजूला, वॉर्ड वरच्या मजल्यावर आणि माझी ओपीडी पुढच्या दाराशी. एकच आकडा तीन ठिकाणी हवा. मग तो जायचा कसा? बऱ्याच छोट्या दवाखान्यांत जातो तसाच: फोनवरून.

फोनवरचा आकडा आणि आपली मराठी

आपल्या भाषेची एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? आपण बोलताना एकं आधी म्हणतो आणि दहं नंतर. सदतीस म्हणजे आधी सात, मग तीस. लिहिताना मात्र तीन आधी, सात नंतर. दुकानात हिशेब करताना याची सवय असते. पण रात्री अडीच वाजता, एका हातात सलाईनची बाटली आणि कानाला फोन लावून उभ्या असलेल्या माणसाला 'सद...' ऐकू आलं की पेन आधी ७ लिहून मोकळं होतं. एकोणतीस आणि एकोणचाळीस, त्रेसष्ट आणि त्रेपन्न यांचा गोंधळ वेगळाच. इंग्रजीत सांगितलं तरी फिफ्टीन आणि फिफ्टी आहेतच.

आमच्याकडे असं घडलं. पंचविशीतला तरुण, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप नुकताच उतरलेला. रात्री लॅबमधून फोनवर सांगितलं, "सदतीस हजार." वर केसपेपरवर लिहिलं गेलं ७३,०००. घरचे निवांत झोपले. सकाळच्या तपासणीत आल्या ३४,०००. झालं! "एका रात्रीत पेशी निम्म्याहून खाली आल्या" म्हणून घरात रडारड सुरू झाली, मामाने गाडी बोलावली, जिल्ह्याच्या गावी प्लेटलेटची पिशवी मिळेल का म्हणून चार फोन झाले. तेवढ्यात लॅबमधल्या ताई रात्रीचा थर्मल कागद घेऊन वर आल्या. त्यावर ३७ छापलेलं होतं.

३७ चे ३४ हजार होणं म्हणजे जवळजवळ काहीच न होणं. इतक्या कमी आकड्यांत यंत्राच्या मोजणीतच दोन-चार हजार इकडेतिकडे होतात. मुलाला कुठूनही रक्त जात नव्हतं, रक्तदाब चांगला होता. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवण्याचा विचार साधारण १० हजारांच्या खाली करतात. तो कुठेही न जाता बरा होऊन घरी गेला. पण उलटं झालं असतं तर? रात्रीचे ७३ सकाळी सदतीस लिहिले गेले असते तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि नको असलेली पिशवी चढली असती. दुसऱ्याच्या रक्ताचा घटक शरीरात घालणं ही काही निरुपद्रवी गोष्ट नाही.

फोनची दुसरी अडचण याहून मोठी आहे, असं मला वाटतं. फोनवर फक्त प्लेटलेट सांगितल्या जातात, कारण सगळे तेवढंच विचारतात. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं आणि खरा धोका तिथे असतो. ते कळतं हेमॅटोक्रिट या आकड्यावरून. तो चढायला लागला की सलाईनचं गणित बदलावं लागतं. हा आकडा यंत्राने त्याच मिनिटात काढलेला असतो आणि तळमजल्यावरच राहतो.

पोर्ट वाटून घ्यायचं म्हणजे काय

यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याचा सल्ला सोपा होता: नवं नेटवर्कवालं मॉडेल घ्या. कोटेशन काही लाखांचं. चालू यंत्र अचूक मोजत होतं. ते फक्त त्याच्या आवाजाच्या टप्प्यापुरतंच बोलत होतं. त्यासाठी यंत्र बदलणं मला पटलं नाही. तो खर्च शेवटी तपासणीच्या दरात, म्हणजे तुमच्याच बिलात आला असता.

दुसरा उपाय काही हजारांत होतो. वहीएवढा एक डबा मिळतो, त्याला सीरियल डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. एका बाजूने त्यात सेल काउंटरची नऊ पिनांची वायर जाते, दुसऱ्या बाजूने नेटवर्कची नेहमीची वायर निघते. नेटवर्कची वायर १०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे जिना चढून वॉर्डात सहज पोचते. डबा यंत्राकडून अक्षरं घेतो, पाकिटांत भरतो आणि नेटवर्कवर सोडतो. पलीकडच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम ती पाकिटं फोडून आपल्या सॉफ्टवेअरला भासवतो की यंत्र याच कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. जुना कॉम्प्युटर पडून असेल आणि त्याला सीरियल पोर्ट असेल तर डबाही लागत नाही. त्यावर सेर-टू-नेटसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला की तोच कॉम्प्युटर डब्याचं काम करतो. दूरच्या पोर्टचा वेग वगैरे नेटवर्कवरून कसा ठरवायचा याचे नियमही १९९७ पासून लिहिलेले आहेत, आरएफसी २२१७ या नावाने. थोडक्यात, यात नवं काही नाही. बँका, कारखाने, वीजकेंद्रं हे कधीपासून करत आली आहेत.

पण 'वाटून घ्यायचं' या शब्दाने फसायला होतं. आम्हाला वाटलं होतं, तिन्ही कॉम्प्युटर एकाच पोर्टला जोडू. तसं करायचं नसतं. बरीच यंत्रं नुसती बोलत नाहीत, उत्तराची वाटही पाहतात. आधी विचारतात, 'पाठवू का?' पलीकडून 'हो' आलं की एक तुकडा पाठवतात, सोबत त्या तुकड्याची बेरीज पाठवतात. ऐकणाऱ्याने बेरीज जुळवून 'मिळालं' म्हणायचं, नाही जुळली तर 'परत सांग'. आता तीन जण एकदम 'हो, मिळालं' म्हणू लागले, किंवा एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, तर यंत्राने कुणाचं ऐकायचं? म्हणून ऐकणारा एकच ठेवायचा. त्याने आकडे नोंदवून ठेवायचे, बाकीच्यांनी त्याच्या नोंदीतून वाचायचं. आमच्याकडे तसंच आहे. वॉर्डातला पडदा यंत्राशी बोलत नाही. तो लॅबच्या कॉम्प्युटरने साठवलेलं वाचतो. आणि त्यावर प्लेटलेटच्या शेजारी हेमॅटोक्रिटही दिसतो, कुणी विचारो न विचारो.

वेग किंवा इतर मांडणी चुकली तर काय होतं, असं एका शिक्षक पेशंटने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. बहुतेक वेळा पडद्यावर सरळ कचरा उमटतो, चित्रविचित्र चिन्हं. त्याची मला भीती वाटत नाही, कारण कचरा कुणी आकडा समजत नाही. भीती दोन गोष्टींची. पहिली, मधलंच एखादं अक्षर गळणं. १४५ मधला ५ गेला तर उरलेले १४ दिसायला अगदी खरे वाटतात. वर सांगितलेली बेरीज त्यासाठीच असते, आणि ज्या यंत्रात ती सोय नाही तिथे नुसत्या वायरीवर विसंबू नये. दुसरी भीती शांततेची. वीज गेली, डबा बंद होऊन परत चालू झाला, पण पलीकडच्या कॉम्प्युटरला वाटतंय की जुनी जोडणी अजून आहे. तो मुकाट्याने वाट पाहत बसतो. पडद्यावर दुपारचा रिपोर्ट तसाच असतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हाच ताजा. आपल्याकडे वीज कितीदा जाते ते मी सांगायला नको. म्हणून डब्याला यूपीएस दिला, आणि पडद्यावर आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात रक्त काढल्याची वेळ दाखवायला लावली. सॉफ्टवेअरवाल्याला ते कुरूप वाटलं. वाटू दे.

वायर एकाची नाही, सगळ्यांची चूक करते

माणूस चुकला की एका पेशंटचा आकडा चुकतो. मांडणी चुकली की सगळ्यांचा चुकतो, तोही अगदी नीटनेटक्या छापील अक्षरांत. सर्वात मोठी ठेच लागते ती एककांत. यंत्र प्लेटलेट हजारांत सांगतं: ३७ म्हणजे ३७ हजार. आपल्याकडे रिपोर्टवर कुणी ३७,००० छापतं, कुणी ०.३७ लाख. मधल्या सॉफ्टवेअरने गुणाकार करायचा असतो. तो एका शून्याने चुकला तर ३७ हजारांचे ३ लाख ७० हजार होतात, आणि हा आकडा निरोगी माणसाचा आहे. साखरेचंही तसंच. परदेशी पद्धतीत ती मिलिमोलमध्ये मोजतात. तिथले ७ म्हणजे आपले सुमारे १२६. दुबईहून आलेले आमचे एक पेशंट "साखर सात" म्हणून खुश होते.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या प्रमाणात म्हणूनच सांगितलं आहे की यंत्रातून निघालेला आणि रिपोर्टवर उमटलेला आकडा एकच आहे का हे वेळोवेळी पडताळा. आमच्या ताई दर सोमवारी पाच थर्मल कागद घेऊन बसतात आणि पडद्याशी ताडून पाहतात. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि वायरीला न कळणारी एक गोष्ट आहे: हे रक्त कुणाचं. ती फक्त 'नमुना क्रमांक २७' असं सांगते. सत्तावीसच्या जागी बहात्तर टाईप झालं, की तुमचे आकडे दुसऱ्याच्या नावावर जातात, तेही न चुकता. नळीवर बारकोड असेल आणि यंत्राने तो वाचला तर हा धोका बराच कमी होतो. पण बारकोडची चिठ्ठी नळीवर चिकटवतो माणूसच. इथे तुम्ही कामाला येता.

रक्त काढताना कुणी विचारलं, "तुम्ही अमुक ना?" तर नुसतं 'हो' म्हणू नका. स्वतःचं पूर्ण नाव आणि वय सांगा. आमच्या भागात एका आडनावाची अर्धी वाडी असते, बाप-लेकाच्या नावांची अदलाबदल केली की चुलत भाऊ तयार होतो. बायकांचं तर विचारूच नका: आधार कार्डावर माहेरचं नाव, जुन्या फाइलवर सासरचं, घरी हाक मारायचं तिसरंच. दवाखान्यात कायम एकच नाव सांगा. चिठ्ठी तुमच्यासमोर नळीवर लागू दे. आधीच चिकटवून ठेवलेल्या नळ्यांच्या ट्रेमधून तुमची उचलली तर एकदा नाव वाचून घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही. रिपोर्ट हातात आला की नाव, वय, रक्त काढल्याची वेळ आणि आकड्यापुढचं एकक बघा. कालच्या रिपोर्टशी तुलना करायची तर शक्यतो एकाच लॅबचे रिपोर्ट घ्या.

आणि आकडा तब्येतीशी जुळत नसेल तर विचारा. माणूस हिंडतोफिरतो आहे, जेवतो आहे आणि प्लेटलेट १२ हजार, असं झालं तर आम्हीही थांबतो. कधी वायर, मांडणी, नाव सगळं बरोबर असतं आणि आकडा तरी खोटा असतो: जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गठ्ठे दिसतात. नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी ही काचपट्टी सुटत नाही.

एक विषय राहिला, वायफायचा. सीरियल पोर्ट जन्मला तेव्हा त्याला जोडलेला माणूस खोलीतच असायचा, त्यामुळे त्याला कुलूप नाही: पासवर्ड विचारणं नाही, मजकूर झाकणं नाही. तोच पोर्ट नेटवर्कवर आणला की नेटवर्कवर असलेल्या कुणालाही तो खुला होऊ शकतो. २०१३ साली एच. डी. मूर या सुरक्षा संशोधकाने शोध घेतला तेव्हा असे एक लाखाहून जास्त डबे जगभरात थेट इंटरनेटवरून दिसत होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये वीजपुरवठ्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी उपकेंद्रांतले याच जातीचे डबे निकामी केले, म्हणजे दुरून वीज परत चालू करता येऊ नये. म्हणून आमचा डबा इंटरनेटला जोडलेला नाही, आणि नातेवाइकांसाठीचं वायफाय पूर्ण वेगळं आहे. "भिंतीवरच्या पासवर्डने तुमच्या लॅबचा प्रिंटर का दिसत नाही?" असं एका हुशार मुलाने विचारलं होतं. त्याचं कारण हेच.

आता शेवटचा प्रश्न, जो मला हमखास विचारला जातो: मग फोनवर रिपोर्ट सांगणं बंद केलं का? नाही केलं. आकडा धोक्याचा असला की लॅबने वर फोन करायचाच, कारण पडद्याकडे त्या क्षणी कुणी पाहत असेलच असं नाही. फक्त पद्धत बदलली. आता ताई म्हणतात, "तीन, सात. सदतीस हजार." वरून सिस्टर परत म्हणतात, "तीन, सात, सदतीस हजार, बेड क्रमांक चार," आणि पडद्याशी ताडून मगच केसपेपरवर लिहितात. वॉर्डातल्या रजिस्टरमध्ये वेळेच्या शेजारी 'परत वाचून दाखवलं' असा एक रकाना आहे. त्यात सही लागते.